आधी किडनी, मग नवं मूत्राशय

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयाची आली, नव्या मूत्राशयाची. पहिलं ओपीडी संपल्यावर वाचलं आणि घरी नेऊन पुन्हा वाचलं. त्याचं उत्तर लांबलं आहे. बाकी दोघांच्या वाट्याला थोडी जागा उरली, त्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा कंबरेवर गाठ होती, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. चालते, एका पायाला बूट लागतो. लघवीवर ताबा नाही. दोन वर्षांपासून दिवसातून चार वेळा नळी घालून मीच लघवी काढते. आम्ही दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, तिला सोबत नेतो. उन्हाळ्यात तिचे वडील सेंटरिंगच्या कामावर असतात. यंदा तपासणीत सांगितलं की मूत्राशय लहान आणि कडक झालंय, ११० मिली मावतं, दाब ५२ आहे, उजव्या किडनीला सूज आहे. आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं करावं लागेल म्हणाले. माझ्या भावानं मोबाइलवर दाखवलं की परदेशात प्रयोगशाळेत मूत्राशय वाढवून लेकरांना बसवतात. मग एका केंद्राचा माणूस घरी येऊन गेला. म्हणतो, कंबरेच्या हाडातून स्टेम सेल काढून मूत्राशयात सोडू, आतडं कापायची गरज नाही, ३ लाख ८० हजार लागतील. मुकादम दोन वर्षांच्या मजुरीची उचल एकदम द्यायला तयार आहे. घ्यावी का? का ते परदेशातलं इकडं येईपर्यंत थांबावं? अजून एक विचारायचं होतं. आम्हाला दुसरं लेकरू हवंय, त्यालाही असंच होईल का?
— एक आई, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : ताई, उचल घेऊ नका. आणि परदेशातलं इकडं येईल म्हणून थांबूही नका. तुमच्या सर्जननी जे सुचवलंय त्याची वेळ आली आहे. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, कारण भावानं जे दाखवलं ते काही खोटं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आधी तुमच्या रिपोर्टमधले दोन आकडे बघू. मुलाच्या वयात दोन मिळवायचे आणि तीसनं गुणायचं, म्हणजे मूत्राशयात साधारण किती मिली मावायला हवं ते निघतं. नऊ वर्षांच्या लेकराला ३३०. तुमच्या लेकीचं ११० वर अडलंय, तिसरा हिस्सा. दुसरा आकडा दाबाचा. तो पाण्याच्या उंचीत मोजतात. उभ्या नळीत ५२ सेंटिमीटर पाणी भरलं तर बुडाशी जेवढा दाब पडेल तेवढा, म्हणजे हातभर उंचीपेक्षाही जास्त. ४० च्या पुढं आकडा गेला की आम्ही सावध होतो. मूत्राशयात एवढा दाब सतत राहिला की वरून किडनीतून येणाऱ्या लघवीला खाली उतरता येत नाही, ती मागं तुंबते. उजव्या किडनीची सूज त्यातूनच आलेली दिसते. कपडे ओले होतात, वास येतो, वर्गात पोरी जवळ बसत नाहीत, हे सगळं मी रोज आयांच्या तोंडून ऐकते आणि ते लहान दुःख नाही. पण लेकराच्या जिवावर बेततं ते किडनीमुळं.

असं का झालं? लेकीचा मणका गर्भात पूर्ण मिटला नाही, कंबरेवरची गाठ त्याचीच. या आजाराला स्पायना बिफिडा म्हणतात. त्यात मणक्यातून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नसा गर्भातच नीट घडल्या नाहीत. मूत्राशयाचा स्नायू वेळीअवेळी आवळतो आणि खालचं दार त्याच वेळी उघडत नाही. बंद दाराशी वर्षानुवर्षं जोर लावून स्नायू जाड होतो, त्यात चिवट धागे भरतात. निरोगी लेकराचं मूत्राशय हाताला ओल्या मलमलीसारखं लागतं, ताणलं की ताणतं. असं आजारी मूत्राशय ऑपरेशनमध्ये पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला आजोळची मोट आठवली होती. औसा तालुक्यात आमच्या आजोबांच्या विहिरीवर इंजिन आलं, तरी जुनी चामड्याची मोट गोठ्यात टांगलेली असायची. वाळून इतकी ताठ झाली होती की तिच्यात घागरभर पाणीसुद्धा राहिलं नसतं. आतून बघितलं तर अशा मूत्राशयात स्नायूंचे वळ दोरखंडासारखे वर आलेले दिसतात.

आता मोबाइलवरचं. अमेरिकेत अँथनी अटाला नावाचे मुलांचे यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे सर्जन आहेत. ते आधी बोस्टनला होते, आता नॉर्थ कॅरोलिनात वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संस्थेत आहेत. त्यांनी ४ ते १९ वर्षं वयाच्या सात जणांवर हे काम केलं आणि एप्रिल २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत आला. ती सगळी मुलं तुमच्या लेकीसारखीच, पाठीवर गाठ घेऊन जन्मलेली. प्रत्येकाच्या मूत्राशयाचा नखाएवढा तुकडा काढला. त्यातल्या आतल्या अस्तराच्या पेशी वेगळ्या केल्या, स्नायूच्या वेगळ्या, आणि दोन्ही प्रयोगशाळेत वाढवल्या. मग मूत्राशयाच्या आकाराचा एक पातळ साचा घेतला. काही साचे नुसत्या कोलॅजनचे होते. कातडी, हाडं, मूत्राशयाची भिंत ज्या धाग्यांवर उभी असते ते कोलॅजन. काहींत त्याच्या जोडीला पॉलिग्लायकोलिक ॲसिड होतं, ज्याचा धागा आम्ही आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतो. साच्याला बाहेरून स्नायूच्या पेशी लावल्या, आतून अस्तराच्या. तुकडा काढल्यापासून साधारण सात आठवड्यांनी तो त्या त्या मुलाला बसवला.

या साच्याला स्कॅफोल्ड म्हणतात. तुमच्या मालकांना तो माझ्यापेक्षा चांगला समजेल, कारण ती सेंटरिंगच आहे. स्लॅब टाकायचा तर आधी प्लेटा लावायच्या, खाली टेकू द्यायचे, मग माल ओतायचा. माल घट्ट होईपर्यंत आकार सेंटरिंगनं धरलेला असतो. पेशींचंही तसंच. त्यांना नुसतं सोडलं तर त्या गोळा होतील, भिंत उभी राहणार नाही. साच्यावर बसून त्या वाढतात, आपापले धागे विणतात, आणि साचा हळूहळू विरघळून जातो. तुम्ही सेंटरिंग खोलून नेता, ही आतल्या आत खोलली जाते, एवढा फरक. त्यामुळं विरघळायचा वेग फार महत्त्वाचा. आठव्या दिवशी प्लेटा काढल्या तर स्लॅबचं काय होईल ते मालकांना विचारा. उलट साचा जास्त दिवस राहिला तर शरीर त्याला परका समजतं, भोवती वण धरतं, आणि नवी भिंत आक्रसून पुन्हा लहान होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्लॅब टाकल्यावर रोज पाणी मारावं लागतं, तसा नव्या भिंतीला रक्तपुरवठा लागतो. जिवंत पेशी बारीक रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा लांब असेल तर उपाशी मरते. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पोचत नाही म्हणून माणसं रात्र रात्र दारावर बसतात, तुम्हाला ते सांगायला नको. नव्या मूत्राशयाची सगळी भिंतच टेलला असते. म्हणून अटालांनी काही मुलांत पोटातला ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा, नव्या भागावर गुंडाळला. त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. दोन्ही पदार्थांचा साचा आणि वरून हा पडदा, असं ज्यांना केलं त्यांचे निकाल सगळ्यांत चांगले आले.

भावाच्या व्हिडिओत ज्या दोन गोष्टी बहुधा नसतील त्या मी सांगते. एक, त्या मुलांना सबंध मूत्राशय मिळालं नाही. किडनीच्या नळ्या जिथं उघडतात तो खालचा भाग आणि दार त्यांचं स्वतःचंच राहिलं, वरचा घुमट तेवढा नवा बसला. नसा नव्या आल्या नाहीत, त्यामुळं नळी घालून लघवी काढणं सुटलं नाही. दोन, त्या पेशी स्टेम सेल नव्हत्या. स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. ती अजून घडायची असते, पुढं तिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. अटालांनी मूत्राशयाच्याच तयार पेशी वाढवल्या होत्या. तुमच्या घरी आलेल्या माणसानं या दोन निराळ्या गोष्टी एकत्र मळून सांगितल्या.

इथं मला माझं एक सांगायचं आहे. २००६ साली ती बातमी आपल्या मराठी पेपरात आली तेव्हा मी लातूरला दवाखाना टाकून थोडीच वर्षं झाली होती. मला इतका आनंद झाला होता की ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. त्याच पावसाळ्यात निलंग्याकडचा एक बाप आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. आजार हाच, दाब वाढलेला. आतड्याचं ऑपरेशन सुचवायला हवं होतं. मी काचेखालचं कात्रण दाखवलं आणि म्हणाले, गोळ्या आणि नळीवर चार-पाच वर्षं काढू, तोवर हे येईल. त्यांना तेच ऐकायचं होतं, मलाही तेच सांगायचं होतं. मध्ये दोन वर्षं ते आले नाहीत आणि मी बोलावणं धाडलं नाही. चौथ्या वर्षी मुलगा आला तो सुजलेल्या चेहऱ्यानं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पुढं डायलिसिस झालं, मग आईनं किडनी दिली. वडील मला रागावले नाहीत. "बाई, तुम्हीच म्हणाल्या होत्या थांबू," एवढंच म्हणाले. ते कात्रण मी त्या दिवशी काढलं. तुमच्या पत्रात "थांबावं का" हे वाचलं आणि मला तो बाप समोर दिसला.

बरं, थांबून हाती काय लागलं असतं? अटालांच्या पद्धतीवर टेंजियन नावाच्या कंपनीनं पुढची चाचणी केली. दहा मुलं, सगळी याच आजाराची. त्याचा वृत्तांत २०१४ मध्ये आला. तीन वर्षं लक्ष ठेवूनही मूत्राशयाच्या मावण्यात किंवा लवचीकतेत भरवसा धरावा अशी सुधारणा दिसली नाही. काहींचं आतडं अडलं, मूत्राशय फुटलं, अशा गंभीर गोष्टी घडल्या. अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं की धोका परवडण्याच्या पलीकडचा आहे. त्याच वर्षी ती कंपनीही बुडाली. ही बातमी मात्र मी कुठल्या पेपरात वाचली नाही. पहिल्या बातमीसारखे तिचे व्हिडिओही फिरत नाहीत.

असं का व्हावं, यावर बराच विचार झाला. मला पटणारं एक कारण बियाण्याचं आहे. आजारी मूत्राशयातून पेशी घेतल्या तर बाहेर वाढवतानाही त्यांच्या आजारी सवयी राहतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. किडका दाणा कितीही चांगल्या रानात पेरला तरी काय उगवणार? म्हणून आता मूलपेशींकडं लक्ष गेलं. शिकागोत अरुण शर्मा नावाचे संशोधक त्याच लेकरांच्या हाडाच्या मगजातल्या मूलपेशी घेतात, त्यांच्या जोडीला रक्तवाहिन्या वाढवायला मदत करणाऱ्या दुसऱ्या पेशी घेतात, आणि दोन्ही एका लवचीक, विरघळणाऱ्या साच्यावर सोडतात. साचा सायट्रिक ॲसिडपासून केलेला, म्हणजे लिंबातलं आम्ल. मगज निरोगी असतो, बियाणं किडकं नसतं, आणि पाण्याची सोयही सोबतच होते. उंदरांत आणि बबून माकडांत त्याचे निकाल आशा वाटावी असे आहेत. मी हे सगळं आवडीनं वाचते आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण माकडाच्या मूत्राशयापासून तुमच्या लेकीच्या मूत्राशयापर्यंतचं अंतर वर्षांत मोजायचं असतं आणि तिच्या उजव्या किडनीकडं तेवढी वर्षं नाहीत.

आता तो घरी आलेला माणूस. तो साचा लावणार नाही, पेशी नुसत्या सुईनं सोडणार. सेंटरिंग न लावता हवेत माल ओतण्यासारखं आहे हे. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूलपेशींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांत मगज किंवा रक्तातल्या मूलपेशी बदलणं सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. प्रयोग करायचा तर नोंदणी हवी, नैतिक समितीची परवानगी हवी, आणि भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून त्या माणसाला एकच विचारा : सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? ही देशातल्या सगळ्या चाचण्यांची सरकारी यादी आहे, नेटवर कुणालाही बघता येते, तुमचा भाऊ दोन मिनिटांत शोधेल. क्रमांक सांगितला तर मग विचारा, चाचणी आहे तर ३ लाख ८० हजार कशाचे? उत्तर काहीही येवो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. मुकादमाची दोन वर्षांची उचल म्हणजे दोन वर्षं तुमचे हात बांधले गेले. त्या दोन वर्षांत लेकीला घेऊन दवाखान्यात यायचं म्हटलं तरी रजा मागावी लागेल.

आतड्याच्या ऑपरेशनचं मी खरं ते सांगते, गोड करून नाही. लहान आतड्याचा वीत-दीड वीत तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा काढतात, उभा चिरून चादरीसारखा पसरतात आणि वरून उघडलेल्या मूत्राशयाला ठिगळ म्हणून शिवतात. राहिलेलं आतडं पुन्हा जोडतात. मूत्राशय मोठं होतं, दाब उतरतो, किडनी वाचते. हे काम जगात हजारो मुलांवर झालं आहे आणि त्यांना मोठी होताना आम्ही पाहिलं आहे. पण आतडं ते आतडंच, लघवी धरायला ते घडलेलं नाही. ते चिकट शेंबडासारखा पदार्थ सोडतं, म्हणून रोज सलाइनच्या पाण्यानं मूत्राशय धुवावं लागतं. धुतलं नाही तर खडे होतात. लघवीतलं आम्ल रक्तात परत शोषलं जातं, त्यासाठी रक्त तपासायचं, कधी सोड्याच्या गोळ्या द्यायच्या. काही वर्षांनी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. फार पुढं जाऊन त्या ठिगळात कॅन्सरचा थोडा धोका असतो, म्हणून तपासणी जन्मभर. आणि एक पाठ करून ठेवा : पोट फुगलं, उलटी झाली, ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा, कारण भरलेलं मूत्राशय फुटू शकतं आणि या लेकरांना पोटात दुखल्याचं नीट कळत नाही. याच त्रासांतून सुटका व्हावी म्हणून स्कॅफोल्डचा सगळा खटाटोप चालला आहे.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. आवळणारा स्नायू सैल करायला ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या, त्यासाठीच मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं, रात्रभर नळी ठेवून मूत्राशय रिकामं ठेवणं, हे करून झालंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. राहिलं असेल तर आधी तेवढं करून दाब पुन्हा मोजता येईल, पण त्यासाठी तारीख ठरलेली हवी, काही महिन्यांची. दुसरं, ऑपरेशन करायचंच तर अपेंडिक्सची नळी करून तिचं तोंड बेंबीत काढता येईल का? मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जननी १९८० मध्ये ही पद्धत सांगितली. मग पोरीला कुणासमोर कपडे उतरवावे लागत नाहीत. बाकावर बसून बेंबीतून स्वतःच नळी घालता येते. माझ्याकडच्या एका मुलीनं सहावीत हे शिकून घेतलं आणि आईला सांगितलं, "आता तू शाळेत येऊ नको." ती माउली माझ्या खोलीत रडली होती, आनंदानं.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. शाळेत किंवा अंगणवाडीत लेकरं तपासायला येणाऱ्या आरबीएसके या सरकारी कार्यक्रमाच्या पथकालाही सांगा, पाठीच्या गाठीचा आजार त्यांच्या यादीत आहे. तारीख दिवाळीच्या आधीची मिळते का बघा. नंतरचे दोन-तीन महिने एकानं घरी थांबायचं आहे. अर्धा कोयता पडेल, म्हणजे जोडीतल्या एकाचं काम बुडेल, मला कल्पना आहे.

तोवर नळी चार वेळा पुरत नाही, दर तीन तासांनी काढा. ११० मिली मावणाऱ्या मूत्राशयाला सहा तास कसे झेपतील? कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत पाण्याची अडचण असते. हात आणि नळी धुवायला एक बाटली स्वच्छ पाणी आणि साबण वेगळा ठेवा. नळी धुऊन, झटकून, वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवायची, ओली नाही. ती स्वच्छ असली की पुरे, निर्जंतुक नसली तरी चालतं, हे लॅपिडिस नावाच्या अमेरिकी डॉक्टरनी १९७२ मध्येच दाखवून दिलंय. नळी रबराची नको, प्लॅस्टिकची किंवा सिलिकॉनची घ्या. या लेकरांना लेटेक्स रबराची ॲलर्जी व्हायचं प्रमाण मोठं आहे, फुगे आणि रबरी हातमोजेसुद्धा टाळा. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरना हे आठवणीनं सांगा.

दुसऱ्या लेकराबद्दल. पहिल्याला हा आजार असेल तर दुसऱ्याला व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि ती बरीच कमी करता येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं त्या आयांना दिवस राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा हा आजार ७२ टक्क्यांनी घटला. आशाताई गरोदरपणात देतात त्या लाल गोळीत फक्त अर्धा मिलिग्रॅम असतं आणि ती मिळेपर्यंत वेळही गेलेली असते. बाळाचा मणका दिवस राहिल्यापासून २८ दिवसांत मिटतो, पाळी चुकल्याचं लक्षात येतं न येतं तोच. म्हणून दिवस राहू देण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरकडून ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून घ्या आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. गोळी अगदी स्वस्त आहे.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. पालीची शेपटी परत येते, माणसाचं यकृत वाढतं, मग मूत्राशय का वाढत नाही? आणि लघवीतच मूलपेशी असतात असं वाचलं, ते खरं आहे का?
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : मूत्राशय वाढतच नाही असं नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या मूत्राशयाचा बराचसा भाग काढला तरी काही आठवड्यांत ते पुष्कळ भरून येतं. माणसातही आतलं अस्तर जखमेनंतर झपाट्यानं भरतं. हे अस्तर म्हणजे मोठी नवलाई आहे. सगळ्यांत वरच्या थरात छत्रीसारख्या पसरट पेशी असतात, त्यांच्यावर विशिष्ट प्रथिनांच्या पट्ट्या जडवलेल्या असतात, आणि मूत्राशय ताणलं की त्या उलगडतात. त्यांच्यामुळं लघवी आतच राहते. अस्तर गळकं असेल तर लघवी खालच्या थरात झिरपून तिथं वण धरतो. साच्यावर वाढवलेल्या भिंतीचं पहिलं दुखणं हेच असतं. अडतं ते स्नायूपाशी. माणसाचा हा स्नायू तेवढ्या सहज पुन्हा उगवत नाही, जखम वणानं बुजते. आणि उगवला तरी त्याला कधी आवळायचं ते सांगणारी नस हवी. नस वाढवायची कशी, हे या विषयातलं सगळ्यांत अवघड गणित आहे.

लघवीतल्या पेशींचं खरं आहे. अटालांच्याच संस्थेतल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास दाखवलं की लघवीतून थोड्या अशा पेशी मिळतात ज्या वाढवता येतात आणि ज्यांपासून स्नायू, अस्तर अशा निराळ्या पेशी घडवता येतात. सुई नाही, चिरा नाही, नुसती बाटली. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करत असशील तर चांगलंच, पण या कामाला मटेरियल सायन्स, म्हणजे साच्यासारखे पदार्थ घडवण्याचं शास्त्र शिकलेली माणसं डॉक्टरांइतकीच लागतात, तिकडंही बघ.

प्रश्न : मी एसटीत चालक होतो, वय ६४. कॅन्सरमुळं दोन वर्षांपूर्वी मूत्राशय काढलं, पोटावर पिशवी आहे. स्टेम सेलचं किंवा दुसऱ्या माणसाचं मूत्राशय मला बसेल का? गाडीवर असताना तासन् तास लघवी धरून ठेवायचो, त्यानं झालं का हे? आणि पिशवी घेऊन कार्तिकीला पायी जाता येईल का?
— निवृत्त चालक, नांदेड

उत्तर : काका, कॅन्सर झालेल्या मूत्राशयाच्या पेशी घेऊन नवं वाढवणं म्हणजे तेच बी पुन्हा पेरण्याचा धोका. स्टेम सेलवर पहिल्या पत्रात लिहिलंय, ते तुम्हालाही लागू आहे. दुसऱ्याचं मूत्राशय माणसाला पहिल्यांदा बसवलं ते ४ मे २०२५ रोजी, लॉस एंजेलिसला. डॉ. नीमा नासिरी आणि डॉ. इंदरबीर गिल यांनी ते केलं. त्या रुग्णाला किडनीही लागणार होती, म्हणजे शरीरानं परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायच्या गोळ्या त्याला कसंही करून जन्मभर घ्याव्याच लागणार होत्या. तुमच्या किडन्या चांगल्या असतील तर नुसत्या मूत्राशयासाठी त्या गोळ्या घेणं मी सुचवणार नाही. त्या प्रतिकारशक्ती दाबतात, आणि कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला तेच नको असतं.

लघवी धरून ठेवल्याचा दोष स्वतःला लावू नका. या कॅन्सरचं सगळ्यांत मोठं कारण बीडी-सिगारेट आहे. पत्रात त्याबद्दल काही नाही. ओढत असाल तर आजच थांबवा, आता थांबवूनही फायदा होतो.

वारीला खुशाल जा. तुमच्या सर्जनना एकदा दाखवून, किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासून निघा. पिशवी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरली की रिकामी करायची, चालताना भरलेली राहिली तर वजनानं तिची चिकटलेली कड सुटते. रात्री मोठी पिशवी जोडा. दोन जादा पिशव्या, कात्री आणि एक सुती टॉवेल वेगळ्या पिशवीत घालून जवळच ठेवा, दिंडीच्या ट्रकमध्ये देऊ नका.